अमेरिका एवढं तेल काढते तरी आखातात खुट्ट झालं की भाव का चढतो?

भाबडा_प्रश्न

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. २०१८ पासून अमेरिका जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढते, २०२३ ला दिवसाला साधारण १ कोटी २९ लाख बॅरल, म्हणजे सौदीच्याही पुढे आणि रशियाच्याही. आखातातून ते घेतात किती, तर चिमूटभर. होर्मुझमधून (इराण नि ओमानमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून) जाणाऱ्या तेलाचे पाचातले चार भाग तर आशियातच जातात म्हणे. मग तिकडे एखादं ड्रोन उडालं की टेक्सासच्या पंपावर आकडा का पळतो? विहीर त्यांची, रिफायनरी त्यांची, निर्यात बंद करा आणि आपलं आपण वापरा, इतकं साधं आहे ना ते? का हा सगळा सट्टेवाल्यांचा खेळ? आणि रशियाच्या तेलावर ती ६० डॉलरची मर्यादा घातली होती तिचं पुढे काय झालं? लिंका फेकू नका प्लीज, माणसाच्या भाषेत सांगा.

रांजणखळगा

विहीर "त्यांची" म्हणजे कुणाची, इथेच पहिला लोच्या आहे. सौदीत तेल सरकारी कंपनीचं, अमेरिकेत ते शेकडो खाजगी कंपन्यांचं, आणि त्यांचं देशप्रेम वगैरे सगळं बिलाच्या खालच्या आकड्यात. जो जास्त देईल त्याला माल. उद्या आशियातल्या एखाद्या रिफायनरीला आखाताचं तेल मिळेना झालं तर ती सरळ टेक्सासच्या किनाऱ्यावर येऊन चार डॉलर जास्त बोलणार, मग तिथल्या रिफायनरीलाही तेवढेच मोजावे लागणार. तेल तिकडून येत नसलं तरी गिऱ्हाईक तिकडून येतं ना भाऊ.

आणि जग दिवसाला १० कोटी बॅरलच्या वर तेल पितं, पण भाव ठरतो तो शेवटच्या वीस-तीस लाख बॅरलवर. लोक काही एका रात्रीत गाडी बदलत नाहीत, ट्रक थांबत नाहीत, त्यामुळे दोन टक्के माल कमी पडला तरी कुणीतरी "जाऊ दे, परवडत नाही" म्हणून बाजूला होईपर्यंत भाव चढतच राहतो.

निर्यातबंदीचं म्हणाल तर ती होती की. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरचं बॅरल काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं, त्या धसक्याने १९७५ मध्ये अमेरिकेने कच्च्या तेलाची निर्यात जवळजवळ बंद केली आणि ती बंदी उठली थेट डिसेंबर २०१५ मध्ये. का उठवली, कारण शेलमधून (तेल धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकातून) जे तेल यायला लागलं ते हलकं, कमी गंधकाचं, आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या बऱ्याच रिफायनऱ्या बांधल्यात व्हेनेझुएला-मेक्सिकोच्या जड, डांबरासारख्या, गंधकवाल्या तेलासाठी. त्यांच्याकडे कोकर नावाचं अवाढव्य धूड असतं, तळाचा गाळ पुन्हा तापवून त्यातून डिझेल पिळून काढायला, त्यावर अब्जावधी डॉलर घातलेले. तिथे नुसतं हलकं तेल ओतणं म्हणजे उसाच्या चरकात संत्री घालण्यासारखं आहे, रस निघेल पण चरक कशाला घेतला मग. म्हणून ते स्वतःचं हलकं विकतात आणि दिवसाला साठ लाखांच्या वर बॅरल बाहेरून आणतात, त्यातलं निम्म्याहून जास्त कॅनडाचं. बंदी घातली तर हलकं तेल साचेल, त्याचा भाव पडेल, विहिरीवाले ड्रिलिंग थांबवतील, आणि रिफायनरीवाला पेट्रोल-डिझेल मात्र जगाच्याच भावाने विकेल. पंपावर काहीच फरक नाही!

अडगळीतला_कंदील

+१, फक्त एक भर. माल खरोखर गेला आणि माल जाईल अशी भीती वाटली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक इथल्या तेलावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यावर हल्ला झाला, दिवसाचं ५७ लाख बॅरल उत्पादन एका झटक्यात बंद, म्हणजे सौदीचं निम्मं. सोमवारी बाजार बंद होताना ब्रेंट (उत्तर समुद्रातलं तेल, जगभरचे भाव ज्यावरून मोजतात ते) जवळपास पंधरा टक्के वर होतं. आणि दोन आठवड्यांत? परत होतं तिथेच, साठच्या आसपास. कारण टाक्यांमध्ये साठा होता, दुरुस्ती लोकांना वाटलं त्यापेक्षा लवकर झाली, आणि जहाजं चालू होती. हे शेवटचं लक्षात ठेवा.

निवृत्त_खलाशी

जहाजांचा विषय निघालाय म्हणून लिहितो, मी बरीच वर्षं टँकरवर सेकंड मेट, म्हणजे जहाज हाकणारा अधिकारी होतो. होर्मुझ नकाशात अरुंद जागी ३३ किलोमीटर दिसतं पण आमच्यासारख्यांना तेवढं मिळत नाही. जायला दोन मैलांची लेन, यायला दोन मैलांची, मध्ये दोन मैल मोकळे. जहाज सव्वातीनशे मीटर लांब, पोटात वीस लाख बॅरल, ब्रेक असा नसतोच, थांबायचं म्हटलं तरी काही किलोमीटर लागतात. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर इराणी नेव्ही विचारते, जहाजाचं नाव, झेंडा, आधीचं बंदर, पुढचं बंदर, आवाज अगदी सभ्य असतो, आणि आपणही सभ्यपणे उत्तर द्यायचं. संध्याकाळी रडारवर लहान ठिपके भरधाव आडवे यायला लागतात, नवीन पोरगा वॉचवर असेल तर त्याचा घसा कोरडा पडतो, पण ते बहुतेक वेळा ओमानच्या खसब बंदराहून सिगारेटी नि टीव्ही घेऊन निघालेले स्मगलर. बहुतेक वेळा! एकदा जीपीएस असं जॅम झालं की स्क्रीनवर आमचं जहाज वाळवंटात उभं. मग काय, जुन्या पद्धतीने रडारवर किनाऱ्याचं अंतर नि बेअरिंग घेत बसलो.

आता पैशाचं बघा. वॉर रिस्कचा विमा जहाजाच्या किमतीच्या टक्क्यात असतो आणि साधारण सात दिवसांपुरता. समजा दहा कोटी डॉलरचं जहाज आणि रेट वाढून एक टक्का झाला, तर दहा लाख डॉलर. ऐकायला मोठे वाटतात, पण वीस लाख बॅरलवर वाटले तर बॅरलमागे पन्नास सेंट. म्हणजे विम्यामुळे भाव दहा डॉलर चढत नाही. चढतो तो मालक म्हणायला लागले की "आत्ता नको, बाहेर नांगर टाकून थांबा" तेव्हा. होर्मुझ टाळून सौदीची तांबड्या समुद्रावरच्या यान्बूला जाणारी पाइपलाइन आहे, अमिरातीची सामुद्रधुनीबाहेरच्या फुजैरापर्यंत आहे, पण २०२४ मध्ये दिवसाला दोन कोटी बॅरल जिथून गेले तिथे ती पर्यायी वाट म्हणजे अख्ख्या जत्रेला एकच बोळ. कुवेत आणि कतारला तर तीही नाही.

भाबडा_प्रश्न

बाप रे, वाळवंटातलं जहाज! बरं खलाशीकाका, अशा वेळी खलाशांना नाही म्हणता येतं का? आणि सट्ट्याचं कुणीच बोललं नाही.

अडगळीतला_कंदील

सट्टा असतोच, पण सट्टेवाल्याला टाकी नसते. २० एप्रिल २०२० आठवा. अमेरिकेच्या डब्ल्यूटीआय तेलाचा (तिथला भाव ज्यावरून मोजतात ते) मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला माल घ्यायचा करार, दुसऱ्या दिवशी संपणार होता आणि संपताना ज्याच्या हातात तो असेल त्याला ओक्लाहोमातल्या कुशिंगला जाऊन खरंखुरं तेल उचलावं लागतं. लॉकडाऊनमुळे मागणी मेलेली. कुशिंगच्या टाक्या काठोकाठ भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच कुणी ना कुणी भाड्याने घेऊन ठेवलेली. मग कागदावरच्या तेलाचे मालक सैरावैरा, घ्या हो कुणीतरी, वर पैसे देतो! बंद भाव उणे ३७.६३ डॉलर. त्याच दिवशी ब्रेंट पंचविसाच्या वर होतं कारण त्याचा हिशोब रोखीत मिटतो, तेल दारात येऊन पडत नाही. तेव्हा सट्ट्याने भाव थोडे दिवस वरखाली ढकलता येतो, पण शेवटी कुणाच्या तरी टाकीत जागा लागतेच.

गॅसवाली_ताई

सगळे तेलाचंच बोलताय, गॅसचं गणित त्याहून खडूस आहे. तेल बादलीतही नेता येतं, गॅसला पाइप तरी हवा नाहीतर उणे १६२ अंशांना थंड करून द्रव करायचा, तेव्हा कुठे तो सहाशेपट आकसतो आणि जहाजात मावतो. २०२२ मध्ये रशियाचा पाइप आटला तेव्हा युरोपने मिळेल त्या भावाने एलएनजी, म्हणजे हाच द्रव केलेला गॅस, उचलला, जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला तरंगतं टर्मिनल दोनशे दिवसांच्या आत उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी जुलैत पाकिस्तानने दहा जहाजांचं टेंडर काढलं आणि एकही बोली आली नाही, एकही. त्यांचा रशियाशी काडीचा संबंध नव्हता. गॅस युरोपात तापला आणि अंधार तिकडे झाला, त्याच्यावर अग्रलेख किती आले ते आठवून बघा.

रांजणखळगा

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. आता ६० डॉलरचं राहिलं होतं ते. ५ डिसेंबर २०२२ पासून जी७ या श्रीमंत देशांच्या गटाने ती मर्यादा लावली आणि बहुतेक लोक त्याला बंदी समजतात, तसं नव्हतंच. रशियाचं तेल वाहत राहिलं पाहिजे, नाहीतर भाव भडकेल, पण पैसे कमी मिळाले पाहिजेत, अशी ती कसरत. हत्यार विम्याचं, कारण जगातल्या समुद्री जहाजांपैकी टनेजने बघितलं तर नव्वद टक्क्यांचा विमा पी अँड आय क्लबांच्या (जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्थांच्या) एकाच गटाकडे, आणि त्याचा कारभार मुख्यतः लंडनमधून. साठच्या वर विकलंत तर विमा नाही. रशियाने काय केलं, म्हातारी टँकर गोळा केली, गॅबन नाहीतर कुक आयलंड्सचे झेंडे लावले आणि विमा कुठलातरी. लोक त्याला छुपा ताफा म्हणतात. २०२४ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ईगल एस नावाचं असंच एक टँकर फिनलंडने ताब्यात घेतलं, नांगर ओढत समुद्राखालची वीज केबल तोडल्याच्या संशयावरून. पुढे सप्टेंबर २०२५ पासून युरोपने मर्यादा ४७.६ वर आणली, अमेरिका त्यात आली नाही. त्यामुळे मर्यादा अगदीच फुसकी होती असं मी म्हणणार नाही, रशियाला सवलतीत विकावं लागलं आणि जुनी जहाजं घेण्यात पैसा गेला. पण उद्या त्यातलं एखादं फुटलं तर साफसफाईचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं, हे त्या किनाऱ्यावरच्या देशांना विचारा.

सूर्यफूल

एवढी मगजमारी कशाला, सोलार लावा विषय संपवा 😀

गॅसवाली_ताई

सूर्यफूलराव, पॅनेलच्या कारखानदारीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा विषय संपत नाही, फक्त पत्ता बदलतो. तरी एक फरक मी मान्य करते. तेलाचं जहाज अडलं तर चालू गाडी थांबते, पॅनेलचं जहाज अडलं तर छतावर आधीच बसलेली चालू राहतात, फक्त नवी बसत नाहीत. भांडायला थोडा वेळ मिळतो.

निवृत्त_खलाशी

भाबडा, तुमचा प्रश्न राहिला. युद्धक्षेत्र जाहीर झालं असेल आणि जहाजावर तसा करार असेल तर खलाशाला नाही म्हणता येतं, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं, आणि जो जातो त्याला तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट. छुप्या ताफ्यातल्या पोरांना यातलं काय मिळतं विचारू नका. आमच्या जहाजावर एकदा कागद फिरवला होता, चोवीस जणांपैकी दोघांनी नाही लिहिलं. त्यातला एक आमचा कुक होता, त्यामुळे पुढचे नऊ दिवस आम्ही काय खाल्लं तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.