मदत हवी आहे: बाइकवरून स्कूटरवर आलो की डावा हात ऐकत नाही

पंधरा वर्षं स्प्लेंडर चालवतोय. आता रोज सकाळी मुलीला शाळेत सोडायला बायकोची स्कूटर घेतो आणि तिथेच घोळ होतो. सिग्नल दिसला की डावा हात सवयीने क्लच दाबतो, पण स्कूटरवर तो मागचा ब्रेक! त्यात कॉम्बी ब्रेक असल्याने पुढचाही लागतो. परवा कात्रजला ओल्या रस्त्यावर गाडी सरकली, मागे मुलगी होती. पडलो नाही, पण पाय अजून लटपटतात. उलट संध्याकाळी बाइकवर उजवा पाय ब्रेक विसरतो आणि नुसता पुढचाच ब्रेक लागतो.

दोन्ही गाड्या रोज चालवणाऱ्यांनो, हात कसा वळवलात? रिकाम्या मैदानात सराव करून फरक पडतो का? बायको म्हणते, एक गाडी विका. तो उपाय सोडून सांगा.