काविळीवर देवडांगरीचे थेंब : औषध की नाकाला उगाच शिक्षा?

बांधावरची
पाऊस सुरू झाला की आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीचा मेसेज फिरायला लागतो, अमक्या गावात एक मामा नाकात थेंब टाकतात, कावीळ एका बैठकीत उतरते, पैसे घेत नाहीत, रविवारी सकाळी उपाशीपोटी या. थेंब देवडांगरीचे. शहरातल्यांसाठी सांगते, दोडक्याच्या कुळातला रानवेल आहे, पावसाळ्यात कुंपणावर चढतो, पांढरी फुलं येतात, फळ आवळ्याएवढं आणि अंगभर काटे. वाळलं की खाकी पडतं, फोडलं तर आत दोडक्यासारखीच जाळी. ते रात्री वाटीभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं, माणसाला खाटेवर मान मागे टाकून झोपवायचं आणि कापसाच्या बोळ्याने नाकपुडीत थेंब पिळायचे. मग शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी, आणि दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं ते ताटात धरून सगळ्यांना दाखवायचं, बघा कावीळ निघाली.

माझं मत, हे बंद व्हायला पाहिजे. फळात दम नाही म्हणून नाही म्हणत, दम जरा जास्तच आहे म्हणून म्हणतेय. नाकाच्या आतलं नाजूक अस्तर त्याने सोलवटतं, सुजतं आणि पाझरायला लागतं, आणि रक्तातून पाझरणारं पाणी पिवळसरच असतं, धडधाकट माणसाच्या नाकात टाकलं तरी तेच होणार. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, शरीराबाहेर जातं ते यकृताने पित्तात सोडल्यावर, शौचावाटे आणि थोडं लघवीवाटे. नाकातून वाटीभर पाणी गेलं म्हणून सुजलेलं यकृत सुधारत नाही. आणि गुण येतो म्हणाल तर साथीतली कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई असते, दोन्ही बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र मामांना.

वेलवर्गीय
झालं सुरू. आमच्या घरी आजी द्यायची, आता आई देते, एक रुपया घेत नाही उलट लांबून आलेल्याला चहा पाजते. तुम्ही म्हणता आपोआप बरी होते, मग दवाखान्यात काय वेगळं करतात सांगा ना. सलाईन लावतात, लिव्हरचं टॉनिक लिहून देतात, ग्लुकोजचा डबा घ्यायला लावतात आणि हजारोंचं बिल करतात. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर टॉनिक चालतं आणि थेंब चालत नाहीत, हा कुठला न्याय? आणि नुसते थेंब नसतात हो, आई पथ्य सांगते, तेल-तिखट बंद, दारू महिनाभर बंद, शेतात जायचं नाही. गड्यांना आराम करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तर कोण ऐकतं? थेंब पडलेत म्हटलं की निमूट घरी बसतात.

बांधावरची
@वेलवर्गीय टॉनिकचा मुद्दा पटला, त्यावर वेगळा धागा काढा, मी तुमच्या बाजूने भांडेन. पण पथ्याने गुण येत असेल तर नुसतं पथ्य सांगा की, नाक कशाला जाळता?

वेलवर्गीय
कारण नुसतं पथ्य कोणी पाळत नाही, आत्ताच सांगितलं ना.

सिस्टर_कोकण
मी सरकारी दवाखान्यात नोकरी करते, कोकणात. माझं भांडण नाकाशी नाहीच आहे, नाक काय चार दिवसांत बरं होतं. कावीळ हा एकच आजार आहे असं धरून चालतात तिथे गाडी घसरते. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत माणूस येतो, ताप, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे आधी लाल मग पिवळे. ती लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस असते, उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यात उघड्या पायांनी उभं राहून होते, पायाला जखम असली की अजून सोपं. त्यावर साधी अँटिबायोटिक आहे, पण ती लवकर मिळायला हवी. हे लोक आधी थेंब टाकून येतात, मग पथ्यावर बसतात, आणि आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा लघवी कमी झालेली असते, किडनीवर आलेलं असतं. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ होते, स्वादुपिंडाच्या गाठीने होते, टीबीच्या गोळ्यांनीसुद्धा होते. देवडांगरीला ह्यातलं काय कळतं?

परदेशी_पाहुणा
दुसरी बाजू पण बघा. तुर्कस्तान, ग्रीस त्या भागात एक रानटी काकडी आहे, पिकली की देठापासून सुटून बिया पिचकारीसारख्या उडवते, तिचा रस तिथले लोक कावीळ आणि सायनससाठी नाकातच टाकतात. ब्राझीलमध्ये तर देवडांगरीची सख्खी चुलत बहीण आहे, छोटा काटेरी दोडका, तोही सायनससाठी नाकात. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या लोकांना तोच कडू वेल आणि तेच नाक सुचलं, हा योगायोग म्हणायचा का? काहीतरी असणारच.

नाकासमोर
@परदेशी_पाहुणा असणारच ना, कुकुरबिटासिन. ह्या कुळातला कडूपणा त्याचाच, आणि ते नाकात गेलं की जळजळ करतं, पाणी काढतं. सायनस तुंबलेल्याला पाणी वाहिलं की मोकळं वाटणार, हे सगळीकडच्या लोकांनी बघितलं. पण त्याच तुर्की काकडीने पडजीभ सुजून श्वास अडकल्याच्या केसेस तिथल्या डॉक्टरांनी छापल्यात आणि ब्राझीलच्या दोडक्याने नाकातून रक्त येतं हेही तिथे नोंदलेलं आहे. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत.

खडूस_काका
दुधीचं विसरलात वाटतं. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेचे एक शास्त्रज्ञ कडू दुधीच्या रसाने गेले, घरचाच रस, आरोग्यासाठी रोज घेत होते, त्या दिवशीचा कडू निघाला तरी संपवला. मग आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमली, त्यांनी सांगितलं दुधी चिरताना तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या, ह्या विषावर उतारा नाही. शिकलेल्या माणसाची ही गत. आपल्याकडे कडू म्हणजे औषध हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की जीभ नको म्हणत असते आणि आपण नाक दाबून गिळतो.

वैद्य_सदाशिवपेठ
सगळं वाचलं. आयुर्वेदाच्या नावाने दोन्हीकडून दगड येतायत म्हणून लिहितो.

देवडांगरी म्हणजे चरकसंहितेतलं जीमूतक, हिलाच देवदालीही म्हणतात. चरकाच्या कल्पस्थानात तिला अख्खा अध्याय दिलाय. वमनाची, म्हणजे उलटी करवण्याची, सहा द्रव्यं आहेत, त्यांचे मिळून ३५५ योग, म्हणजे औषधाच्या कृती, त्यातले ३९ हिचे. कडू भोपळा, म्हणजे कडू दुधीच, तोही त्याच यादीत, ४५ योगांसकट. म्हणजे खडूस_काका ज्याला विष म्हणतायत ते आमच्याकडे वमनद्रव्य म्हणून नोंदलेलं आहे, आम्हाला त्याचा धाक पहिल्यापासून होता. आता ह्या सहांत पहिला नंबर गेळफळाचा, एकट्याचे १३३ योग, आणि कारण चरकांनीच दिलंय की ते निरुपद्रवी म्हणून श्रेष्ठ. बाकीच्यांबद्दल काय समजायचं ते समजा. शिवाय वमन देताना आधी स्नेहन (तेल-तूप), स्वेदन (घाम काढणं), माणसाचं बळ बघायचं, वैद्याने समोर बसायचं, नंतर पेजेवर ठेवायचं. गर्भिणी आणि अशक्त माणूस बाद.

काविळीचं म्हणाल तर चरकात कामलेला मृदु आणि कडू द्रव्यांनी विरेचन, म्हणजे जुलाब, सांगितलंय. मृदु हा शब्द दोनदा वाचा. देवदालीच्या नस्याचा, म्हणजे नाकात थेंब टाकण्याचा, उल्लेख परंपरेत आहे, मी नाकारत नाही, पण त्यालाही मात्रा आहे आणि रोगी निवडावा लागतो. मामा सकाळपासून रांगेतल्या सगळ्यांना एकाच वाटीतलं पाणी पिळतात. फळ यंदाचं की तीन वर्षांपूर्वीचं, पाणी किती, भिजवलं किती वेळ, कशाचा हिशोब नाही. ह्याला आयुर्वेद म्हणू नका एवढीच विनंती. आणि @बांधावरची, तुम्हीही वेल बंद करायच्या गोष्टी करू नका.

बांधावरची
वैद्यबुवा, वेल बंद करा असं मी कुठे म्हटलं? कुंपणावर सुखात राहू दे. थेंब बंद करा म्हणाले.

आणि एक कोणीच बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. एका गावातून एकाच आठवड्यात पंधरा-वीस माणसं मामांकडे जातात तेव्हा कोणी ग्रामपंचायतीला विचारतं का, टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडली की नाही, पाइपलाइन गटाराजवळ फुटलीय का? दिल्लीत १९५५-५६ ला यमुनेत सांडपाणी शिरलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली, ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं. हा पाण्याचा आजार आहे. थेंब टाकले की गावाला वाटतं बंदोबस्त झाला आणि सगळे तेच पाणी पीत राहतात.

तालुका_एक्सप्रेस
टीसीएलच्या पोत्याचं विचारू नका, आमच्याकडे शिपाई म्हणतो पावडर टाकली की लोक वासाची तक्रार करतात म्हणून टाकत नाही 😂

वेलवर्गीय
पाण्याचं बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. पण आई ताटात पाणी धरून नाटकं करत नाही हे सांगून ठेवतो. आणि सगळ्यांना देत पण नाही, पोरांना नाही, पोटुशी बाईला आजीपण द्यायची नाही.

सिस्टर_कोकण
@वेलवर्गीय पोटुशी बाईला देत नाही हे चांगलं, पण नुसतं परत पाठवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावतात, हा आकडा घरात सांगाच.

वेलवर्गीय
सांगतो. पण बंद कर म्हणालो तर आई ऐकणार नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं नाही. फार तर रिपोर्ट आणल्याशिवाय थेंब नाही असं करू, तिला वाचता येत नाही, मी वाचीन. यकृताच्या टेस्टमधला तो एसजीपीटी कितीपर्यंत असला तर चालेल?

सिस्टर_कोकण
चालेल असा आकडाच नसतो. एसजीपीटी हजारावर असून माणूस चालत येतो आणि बरा होतो, आणि कधी यकृत संपत आलं की तोच आकडा खाली येतो, घरच्यांना वाटतं उतरतंय. पीटी-आयएनआर बघा, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, तो वाढला असेल तर थेंबही नको आणि पथ्यही नको, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. माणूस दिवसा झोपतोय, रात्री जागतोय, बरळतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, तर रिपोर्टचीही वाट बघू नका. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोची टेस्ट. खाज, पांढरट शौच आणि वजन उतरत असेल तर सोनोग्राफी.

वेलवर्गीय
हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून द्या, ओट्यावरच्या भिंतीला चिकटवतो. थेंबांचं मात्र आईचं आई बघेल.

बांधावरची
कागद मी देते. टीसीएलचं पण त्यातच लिहिते.