मदत हवी आहे : मे महिन्यात एकटीने नाशिक ते जैसलमेर, व्हॅनमधून

नमस्कार मंडळी. मी नाशिकला शिक्षिका आहे. मोठी सुट्टी मेमध्येच मिळते, त्यामुळे हिवाळ्यात जा असं कृपया सांगू नका. गाडी ईको. मागची सीट काढून अंबडमध्ये फळीचा पलंग करून घेतलाय, छतावर सोलर पॅनल आहे. पेठ, वापी, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर असा रस्ता ठरवलाय.

भीती उन्हाची आहे. राजस्थानातल्याच फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलंय. आपल्याकडे ४० झालं तरी जिवाची काहिली होते. गाडी पहाटे पाच ते दहाच चालवायची, हे पक्कं. पण दहा ते सहा काय करायचं? पत्रा तापला की आत बसणं शक्यच नाही. तिकडे धर्मशाळेत, ढाब्यावर दुपारभर थांबू देतात का? हवा कोरडी, म्हणून खिडकीला ओला वाळ्याचा पडदा आणि १२ व्होल्टचा पंखा, एवढ्यावर रात्र निघेल असं मला वाटतं. कुणी करून पाहिलंय का?

गॅस सिलिंडर तापलेल्या बंद गाडीत ठेवायचा धीर होत नाही, म्हणून दशम्या आणि सातूच्या पिठावर भागवणार. पाणी ४० लिटर.

आणि सर्वांत महत्त्वाचं : रात्री खिडक्या उघडल्याशिवाय झोप लागणार नाही, पण एकट्या बाईने त्या कुठे उघड्या ठेवाव्यात? पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीत झोपलेल्या कुणी मैत्रिणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहा. २ मेला निघायचंय.