टिळकवाडी, बेळगाव: सोसायटी ग्रुपवर व्हायरसची चर्चा

*बी-२०२ (काकू):* [फॉरवर्ड] मार्टिनेली नावाचा व्हिडिओ आला तर उघडू नका, दहा सेकंदांत मोबाईल हॅक होतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा.

*सी-३०१:* काकू, हे खोटं हाय. असा व्हिडिओच नाही, मेसेज मात्र कित्येक वर्षं फिरतोय. सगळ्यांना पाठवा असं ज्यात लिहिलंय ते कुणालाच पाठवू नये. खरी भीती व्हिडिओची नाही, एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायच्या फाइलची. कधी लग्नपत्रिका, कधी आरटीओचं चलन, पीएम किसान, वीज तोडण्याची नोटीस. वरचं नाव बदलतं, शेवटी एपीके तेवढं कायम.

*बी-२०२ (काकू):* होय रे? आणि हात लागला तर लगेच पैसे जातात काय?

*ए-१०४:* नाही काकू. नुसती डाउनलोड झाली तर डिलीट करा, विषय संपला. इन्स्टॉल करताना फोन आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकायला परवानगी द्यायची काय म्हणून. तिथं नाही म्हणायचं. होय म्हटलं की पुढं ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचा ओटीपी तिकडं पोचला. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर त्याहून वाईट. मग ते स्क्रीन वाचतं, स्वतःच बटणं दाबतं, अनइन्स्टॉल करायला गेलं की सेटिंग्ज बंद करून टाकतं.

इन्स्टॉल झालंच असेल तर क्रम असा ठेवा. एरोप्लेन मोड लावा आणि वायफाय वेगळं बघून बंद करा, काही फोनमध्ये ते चालूच राहतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. उशीर झाला की पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. हे झाल्यावर अ‍ॅप काढायचं. पॉवर बटणाच्या मेनूत 'पॉवर ऑफ' दाबून धरलं की बहुतेक फोन सेफ मोडमध्ये जायचं काय विचारतात. सेफ मोडमध्ये बाहेरून घातलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, म्हणून तिथं ते निमूट निघतं. निघत नसेल तर सिक्युरिटीत 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स' मधली त्याची खूण आधी काढा. शेवटी नेटवर्क चालू करून ##००२# डायल करा, कॉल कुठं वळवून ठेवले असतील तर ते रद्द होतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट.

*ए-३०३:* मोबाईलचं कळालं. घरच्या पीसीला कुठला अँटिव्हायरस घ्यावा? मुलगा दिवसभर त्यावरच असतोय.

*सी-३०१:* विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हायच, घरच्या वापराला पुरतो. विकतचा घ्यायचा असेल तर घ्या, पण एकच. दोन घातले तर दोघं एकमेकांच्या फायलींवर संशय घेत बसतात आणि पीसी रांगतो. जास्त घोळ होतो तो नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या ट्रायलचा. मुदत संपते, तो मात्र तसाच पडून राहतो. तो अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण आली काय बघा.

*डी-४०३:* त्याच पानावर आणखी एक बघा की. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज', तिथं खाली 'एक्सक्लूजन्स'. ती यादी रिकामी पाहिजे. विंडोजचा क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता चालवायचं जुगाड, किंवा तसलाच केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर चालवलेल्या मशीनवर तिथं बऱ्याचदा अख्खी सी ड्राइव्ह घातलेली असते. म्हणजे डिफेंडर चालू दिसतो, हिरवी खूणही असते, पण त्याला सी ड्राइव्हकडे बघायचीच मनाई. पहारेकऱ्याला तोंड भिंतीकडं करून बसवल्यासारखं. 'टँपर प्रोटेक्शन' चालू हाय काय तेही बघा, डिफेंडर कुणी परस्पर बंद करू नये म्हणून ते असतं.

*ए-३०३:* दुरुस्तीला दिलं की सगळेच क्रॅक घालून देतात ओ.

*डी-४०३:* गरजच नसते. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्स की २०१२ नंतरच्या मॉडेलांत मदरबोर्डवरच असते. जी आवृत्ती होती, बहुतेक होम, तीच परत घातली आणि नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. दुकानदार होमच्या जागी प्रो घालतो, मग त्याला की मिळत नाही, मग क्रॅक. देतानाच सांगायचं, होमच घाला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल, एवढ्यात काम होतं. नुडी, बरहा ही कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरंसुद्धा मूळ ठिकाणाहूनच घ्या. कन्नडमध्ये अर्ज टाइप करायचा म्हणून घाईनं कुठल्यातरी साइटवरून उतरवतात, आणि सेटअपबरोबर चार पाहुणे येतात.

*सी-१०२:* मुलं गेमचे मॉड आणि चीट घालतात त्याचं काय करायचं?

*सी-३०१:* मुलांचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा वहिनी. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युझर्स, चेंज अकाउंट टाइप. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडं. काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की तो विचारेल, मुलगा तुम्हाला हाक मारेल, तेवढ्यात तुम्ही नाव वाचाल. यानं सगळंच थांबत नाही, स्वतःच्या खात्यापुरतं चालणारं काहीतरी येऊ शकतं, पण पूर्ण मशीन हातात जात नाही.

एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मूळ सेटिंगमध्ये ते झाकलेलं असतं, म्हणून बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाइल तुम्हाला साधं पीडीएफ म्हणून दिसते.

आणि मुलांना हे आजच सांगा. 'मी रोबोट नाही' च्या पानावर विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं आलं, तर ते पान सरळ बंद करायचं. तिथं क्लिक केल्या केल्या त्या पानानं एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हातानं चालवता, म्हणून बऱ्याचदा अँटिव्हायरसलाही पत्ता लागत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे तुम्ही आधीच लॉग इन केलंय याच्या खुणा, काही क्षणांत जातात. कुकी गेली की पासवर्ड न टाकताच तुमचं जीमेल उघडतं, ओटीपीही लागत नाही. म्हणून आधी त्या पीसीचं नेट तोडायचं, मग दुसऱ्या स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदलायचा आणि सगळीकडून साइन आउट करायचं. त्याच पीसीवर बसून बदलला तर नवा पासवर्डही त्यांना दिल्यासारखाच.

*बी-४०१:* कोपऱ्यात सारखं येऊलंय, 'पीसीमध्ये पाच व्हायरस सापडले'. तेही हेच काय?

*ए-१०४:* ते व्हायरस नाहीच. कुठल्यातरी साइटला 'अलाऊ' म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढा, बंद होईल. पूर्ण स्क्रीन भरून फोन नंबर आला तर एस्केप दाबून धरा, नाहीतर आल्ट एफ४. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

*बी-२०२ (काकू):* सेवा सिंधू या सरकारी साइटचा अर्ज न् पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, प्रिंटा काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सला नेतो आम्ही. परत आला की आत एकच शॉर्टकट दिसतोय, फायली गायब.

*डी-४०३:* फायली असतात काकू, लपवलेल्या. त्या शॉर्टकटला डबल क्लिक करू नका, तोच व्हायरस चालवतो. व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा, आणि ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' ची खूण काढा. बिननावाचा फोल्डर दिसेल, सगळं त्यात असतं. फक्त फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. नंतर पीसीवर 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. पीसी रीस्टार्ट होतो, १५ मिनिटांच्या आसपास लागतात. विंडोज उघडण्याआधी तपासणी होते, म्हणून लपून बसलेलंही सापडतं. आणि पुढच्या वेळी झेरॉक्ससाठी वेगळा रिकामा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात एकच पीडीएफ. दुकानाच्या पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ठेवून येणं तर त्याहून वाईट.

*सी-१०२:* खंडणी मागणारा व्हायरस म्हणतात तो कसा असतो?

*सी-३०१:* रॅन्समवेअर. फायली कुलूपबंद करतो आणि चावीचे पैसे मागतो. घरच्या पीसींना जास्त छळलं ते स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू या कुळानं. आलं ते क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच. ९८० डॉलर मागायचे, ७२ तासांत दिले तर ४९०. पैसे देऊ नका. कुलूपबंद फायली बाजूला जपून ठेवा आणि 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर बघा. युरोपोल आणि डच पोलिसांचा २०१६ पासूनचा उपक्रम हाय, काही जातींच्या चाव्या तिथं फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही.

म्हणून बॅकअप, आणि तोही काढून ठेवलेला. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, आठवड्याला जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलीत तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. गूगल ड्राइव्हच्या सिंकवर विसंबू नका, बिघडलेली फाइलही तो तितक्याच इमानानं वर चढवतो. जुनी आवृत्ती ३० दिवस मिळते खरी, पण हजार फोटो एकेक करून मागं नेत कोण बसणार?

'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' मूळचं बंद असतं, चालू करा. एखादं जुनं सॉफ्टवेअर सेव्ह करायला अडेल, तेवढ्यालाच परवानगी द्या. आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलून डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. क्लाउडफ्लेअरचं हाय, फुकट, व्हायरसच्या आणि प्रौढांच्या साइट अडवतं. वायफायवर असेल तोवर फोनलाही लागू.

*सेक्रेटरी:* आपल्या ऑफिसचा पीसी विंडोज १० वर हाय. अजून चालतोय की.

*डी-४०३:* चालतोय काका, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे मोफत अपडेट थांबले. २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जग बंद पाडलं त्याच्या दोन महिने आधी त्याचं अपडेट आलेलं होतं. अडकले ते बहुतेक अपडेट न घातलेले. घरगुती मशीनला सेटिंग्जच्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवता येतं, जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. ऑफिसच्या पीसीचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, तो ११ च्या यादीत बसत नाही. लिनक्स फुकट हाय, पण तुमचं टॅली विंडोजवरच चालतं.

*सेक्रेटरी:* मग नव्या पीसीचं कोटेशन मीटिंगला ठेवतो.

*डी-४०३:* कोटेशनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि बिलासकट मूळ विंडोज लिहून मागा. आणि मेंटेनन्सच्या हिशेबाची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर काढून तुमच्या घरी ठेवा.