सगळ्या असण्याचा एकच सिद्धांत मांडता येतो का?

अंबाजोगाईकर
आमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी जपलेली आहे. लांबलचक कापडावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूतं एकमेकांत मिसळून जग कसं बनतं त्याचा हिशोब. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा, उरलेल्या अर्ध्यात बाकी चौघांचा एकेक अष्टमांश. शेतातली माती असो की माणसाचा देह, सगळं या हिशोबात बसवायचं. कॉलेजातली मुलं विचारतात, आता विज्ञान असताना हे कशाला? मला वाटतं, सगळ्याचा एकत्र विचार आजही टाळता येत नाही. संख्या, नियम, संबंध म्हणजे काय, हे कुठलं एक शास्त्र सांगणार? वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या लोकांनी आधी सहा पदार्थ, म्हणजे असण्याचे मूळ प्रकार, मानले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य (अनेकांतलं सारखेपण), विशेष (वेगळेपण), समवाय (अतूट संबंध). अभाव सातवा, तो पुढे आला. मे महिन्यात विहिरीत डोकावलं की पाणी नाही हे कळतं. ते 'नसणं' कशात धरायचं? सगळ्याची मोजदाद करायला बसले, म्हणून ही उणीव सापडली.

गोदाकाठ
सर, अष्टमांश मोजला कुणी? मेंडेलीव्हनं १८६९ ला मूलद्रव्यांची सारणी मांडली, रिकाम्या जागा सोडल्या. १८७५ ला गॅलियम सापडलं, एक जागा भरली. नसतं सापडलं तर सारणीवर शंका आली असती. पंचीकरण चुकलं तर कशावरून कळणार? आपल्याकडचंच बघा. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' एकच ब्रह्म मानतो. चक्रधरस्वामी जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर असे चार वेगळे आणि नित्य मानतात. दोन्ही एकदम खरे कसे? शतकं गेली, निकाल नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८१ मध्ये दाखवलं की जगाला सुरुवात आहे आणि नाही, दोन्ही बाजूंनी सारखाच युक्तिवाद उभा राहतो, कारण अख्खं जग अनुभवात कधी येतच नाही.

अंबाजोगाईकर
अष्टमांशासाठी मी भांडत नाही. निकाल लागला नसेल, पण कशाची काय किंमत पडते ते तर कळलं! एकच मानलं की अनेकपण मायेवर ढकलावं लागतं. चार मानले की त्या चार नित्य गोष्टी एकमेकींशी जुळतात कशा, ते सांगावं लागतं. अर्धवट विचारात ही उधारी दडून राहते. आणि कांटनंही बारा मूलभूत संकल्पनांची यादी दिलीच की.

गोदाकाठ
ती यादी आपण जग कसं जाणतो त्याची आहे, जग कसं आहे त्याची नाही. हा फरक पुसू नका.

मांजरापट्टा
दादा, मला एक अडचण दिसते. विहिरीत पाणी नाही, तसं दूध नाही, हत्तीही नाही. मग अभाव किती? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, कशाचा अभाव ते सांगितल्याशिवाय अभाव नाही. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. पण अशानं गणती संपायचीच नाही.

अंबाजोगाईकर
ताई, न संपू दे. द्रव्यंही असंख्य आहेत, पदार्थ म्हणून द्रव्य एकच. पण गोदाकाठ, तुम्ही सांगा: विहीर आटली, कारण पाऊस पडला नाही, असं आपण म्हणतो. म्हणजे एका 'नसण्या'ला कारण केलं. जे नाही, ते काम कसं करतं? भूजलशास्त्र हे सांगत नाही.

गोदाकाठ
सांगायची गरजच नाही. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत जेमतेम पाणी साठतं, शेजारचे बोअर ते ओढतात, उरलेलं खोल झिरपतं. या सगळ्या असलेल्या गोष्टी आहेत. 'पाऊस पडला नाही' ही आपली अपेक्षा बोलते. अपेक्षेला विश्वात जागा कशाला द्यायची?

मांजरापट्टा
मग अपेक्षा काय आहे, द्रव्य की गुण?