वाचनालयाच्या व्हरांड्यासाठी ३० समभुज चौकोनांचा गोळा: कापायचा कशात?

बोरीकर: नमस्कार. गोव्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात टांगायला भौमितिक शिल्प करतोय. ३० सारखे समभुज चौकोन जोडून होणारा गोळा, व्यास १ मीटर. मॉडेल फ्यूजनमध्ये (संगणकावर आराखडा काढायचं सॉफ्टवेअर) तयार आहे, प्रत्येक चौकोनात वेगळ्या नक्षीची जाळी, लेझरने कापायची. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. छप्पर आहे, पण पावसाळ्यात दमट हवा आत येतेच. मटेरियल कुठलं घेऊ? जोड कसे करू?

मिरामारवाला: सरळ स्टेनलेस स्टील. पण ३०४ प्रतीचं नको, ३१६ प्रतीचं घ्या. आमच्या गच्चीचं रेलिंग ३०४ चं होतं, खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग धरले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा.

साखळीचा_सुतार: अहो, १५ हजार लिहिलंय त्यांनी! शिवाय १.५ मिमी पत्र्यात १ मीटरचा गोळा ३० किलोच्या आसपास जाईल, जाळी कापून थोडा कमी. व्हरांड्याच्या वाशाला टांगायचा का? मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) घ्या. आयुष्यभर त्यातच काम केलंय, पाण्याला दाद देत नाही.

कंदीलवेडा: दिवाळीला १२ पंचकोनांचा आकाशकंदील केला होता, ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये. वाड्यावरच्या स्पर्धेत पहिला आला! कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली शीटच मागा. आत दिवा सोडलात की भिंतभर नक्षी पडते. फोटो टाकतो.

फोंडा_पेठ: सनबोर्ड बघा. स्वस्त, हलका, पाण्याचं भय नाही.

म्हापशाची_लेझरवाली: सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक. तो लेझरखाली अजिबात घालू नका. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, फुप्फुसं आणि मशीन दोन्ही जातात. कोणी कापून देतो म्हणाला तर त्या दुकानातून उठा. मरीन प्लायचंही सांगते: त्यातला फिनॉलिक डिंक जळतो, किरण मध्येच अडतो, कडा कोळसा होतात. तो राऊटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनवर कापायचा.

साखळीचा_सुतार: मग राऊटरवर कापा, पण प्लायच घ्या.

कुडचडे_मेकर: फ्यूजनची गरजच काय? फ्रीकॅड फुकट आहे.

मिरामारवाला: फ्रीकॅडमध्ये मी वैतागलो होतो. फ्यूजनची घरगुती आवृत्तीही फुकटच आहे.

कुडचडे_मेकर: मर्यादा घालून ठेवल्यात तिला. असो. बोरीकर, तुमच्या मापात एक अडचण दिसते. व्यास १ मीटर म्हणजे बाजू साधारण ३१ सेंमी. ८ बाय ४ फुटी शीटवर ओळीने मांडले तर २८ चौकोन बसतात, दोनांसाठी दुसरी शीट आणावी लागेल. व्यास ८५ सेंमी करा: बाजू २६.३, लांब कर्ण ४४.७, आखूड कर्ण २७.६. एका शीटमध्ये ४० निघतात. ३० वापरा, १० हाताशी राहतील.

म्हापशाची_लेझरवाली: हे पटलं. पण लेझर मशीनचा बेड (शीट ठेवायची जागा) लहान असेल तर शीटचे आधी तुकडे पडतात, तेव्हा बेडचं माप विचारून मांडणी करा. आणि जोडाचं कोणी बोललंच नाही. दोन फळ्यांमधला कोन १४४ अंश. नीट मिटवायला कड १८ अंश तिरकी लागते, आणि साधा लेझर सरळच कापतो. चौकोन आतल्या काठावर टेकवा, बाहेरून फट राहू द्या. प्रत्येक कडेला भोकं पाडून केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या). कडा ६० आहेत, धीराने करा.

नवा_सभासद: ३१६ स्टील बघितलं का? समुद्राजवळ तेच टिकतं.

बोरीकर: सगळ्यांना देव बरें करूं. ठरलं: ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), व्यास ८५ सेंमी, जोड केबल टायचे. जाळी कापण्याआधी वजन ८ किलोच्या आसपास येतंय, वासा सहज पेलेल.

साखळीचा_सुतार: एमडीएफ? गोव्यात? पावसात फुगून पापड होईल! कोणीही सुचवलं नव्हतं हे.

बोरीकर: फुगेल, मान्य. कापलेल्या कडा जास्त पाणी पितात, म्हणून तिथे सीलरचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. रंग वाचनालयात येणारी मुलंच देणार आहेत, प्रत्येकाला एक चौकोन. अ‍ॅक्रिलिक किंवा स्टीलवर ते जमणार नाही, आणि मला मुलांचा हात लागलेलंच शिल्प हवंय. खराब झालेला तुकडा टाय कापून बदलता येतो. फाईल वाचनालयाच्या संगणकावर राहील.

म्हापशाची_लेझरवाली: फाईल डीएक्सएफमध्ये (कापायच्या रेषांच्या आराखड्याचा फाईल-प्रकार) द्या, एका रेषेवर दुसरी रेष पडलेली नको, नाहीतर तीच कड दोनदा जळते. जाळीची पट्टी ५ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, मुलांच्या हातात मोडेल. आधी एकच तुकडा कापून भोकांत टाय जातो का ते बघा, मग बाकीचे.