'रिसेल प्राइस मेंटेनन्स'ला मराठीत काय म्हणाल?

एका डीलर कराराचं मराठी करतेय, त्यात हा शब्द आलाय. 'पुनर्विक्री किंमत अनुरक्षण' असं कुणीतरी सुचवलं पण ते वाचून दुकानदाराला काडीचाही बोध होणार नाही. बाजारात काय म्हणतात?

— रेट बांधून देणं म्हणतात की! कंपनी रेट बांधून देते, कुणी त्याखाली विकलं की शेजारचे डीलर 'हा रेट तोडतोय' म्हणून बोंब मारतात आणि मग माल बंद करायची धमकी येते. मी 'पुनर्विक्री दरबंधन' लिहीन.

— दरबंधन आवडला, फक्त एमआरपीशी गल्लत होऊ देऊ नका. एमआरपी म्हणजे कमाल किंमत, त्याखाली दुकानदाराने कितीलाही विकावं. इथे भानगड खालच्या मर्यादेची आहे. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(४) मध्ये अर्थ दिलाय, माल घेणाऱ्याने पुढे कंपनी ठरवेल त्याच किमतीला विकायचं अशी अट, आणि 'याहून कमी घेतलं तरी चालेल' असं स्पष्ट म्हटलेलं नसेल तर ते दरबंधन. अर्थात नुसती अट घातली म्हणून लगेच बेकायदा ठरत नाही, बाजारातल्या स्पर्धेला त्याने बराच धक्का बसतोय का ते भारतीय स्पर्धा आयोग बघतो.

— मारुती सुझुकी या गाड्यांच्या कंपनीचं प्रकरण वाचा, त्याची सुरुवात आपल्याकडचीच. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात कंपनी डीलरला ठरल्यापेक्षा जास्त डिस्काउंट देऊ देत नाही असा निनावी ईमेल आयोगाकडे गेला. चौकशीत निघालं की कंपनीवाले गिऱ्हाईक बनवून माणसं शोरूममध्ये पाठवायचे, जास्त सूट मिळते का बघायचे, सापडलं की डीलरला दंड आणि वर गाडी विकणाऱ्या पोरालाही दंड! ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने २०० कोटी ठोठावले, कंपनी अपिलात गेली. पण बघा, तिथे बंधन थेट किमतीवर नव्हतं, डिस्काउंटवर होतं. डिस्काउंटवर मर्यादा घातली की किंमत आपोआप बांधली जाते, म्हणून तुमच्या मराठीत सूट हा शब्दही हवाच.

— माझ्या करारात 'शिफारस केलेली किंमत' आहे आणि दोन कलमं सोडून 'त्याखाली विकल्यास पुरवठा थांबवू' असं आहे. ही कसली शिफारस?

— मग मराठीत 'शिफारस' लिहून वाचणाऱ्याला फसवू नका. मूळ शब्द तसाच ठेवा, बाजूला टीप द्या की पुढच्या कलमामुळे ही सक्ती होते, आणि वकिलाला आत्ताच दाखवा, सही झाल्यावर नको.